लाट, लहर आणि तरंग : अर्थ निवडण्याची जबाबदारी



भाषांतराचा अभ्यास करताना 'वेव्ह' हा अगदी साधा इंग्रजी शब्द तुमच्यापुढे आला, तर इंग्रजी-मराठी कोश तुम्हांला एका ओळीत अनेक प्रतिशब्द देतो. लाट, लहर, तरंग, ऊर्मी. त्यांच्या मागोमाग हात हलवणे, ध्वज फडकणे, केसांचे वळण. अशा वेळी विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतो : 'सर, यांतला बरोबर कोणता?' हा प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु त्यामागे एक समजूत दडलेली असते. प्रत्येक इंग्रजी शब्दासाठी मराठीत एक नेमका शब्द ठेवलेला असतो आणि तो शोधून काढला की काम संपते, ही ती समजूत. ती चुकीची आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे नाही. अनेक अर्थांतून योग्य तो अर्थ निवडणे हे केवळ परीक्षेतले कौशल्य नसून नागरिक म्हणून आपल्यावर असलेली जबाबदारी आहे, असे माझे मत आहे. ते मत पटावे यासाठी पाण्याच्या या एका हालचालीपासून निघालेल्या शब्दांचा प्रवास आपण पाहू.

क्रियापदे अर्थ सांगतात

'लाट', 'लहर' आणि 'तरंग' हे शब्द समानार्थी शब्दांच्या यादीत शेजारी शेजारी छापलेले असतात. यादी पाठ केली की तिघांत फरक नाही असे वाटू लागते. फरक पाहायचा असेल तर नामाकडे न पाहता त्याच्यासोबत येणाऱ्या क्रियापदाकडे पाहावे. लाट उसळते, आदळते, फुटते आणि ओसरते. तरंग उमटतो, पसरतो आणि विरतो. लहर येते, लागते, फिरते आणि निघून जाते. 'तरंग आदळला' असे आपण म्हणत नाही. 'लाट उमटली' असेही म्हणत नाही. 'लहर फुटली' हे तर कानाला लगेच खटकते. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम कोणी तुम्हांला शिकवलेला नाही. तरीही तुम्ही तो पाळता.

यावरून असे दिसते की मराठी भाषकाने एकाच हालचालीचे तीन भाग केले आहेत. जिच्यात वस्तुमान, उंची आणि आघात आहे ती लाट. ज्यात आकार आणि विस्तार आहे, पण आघात नाही, तो तरंग. आणि जी एखाद्या शरीरातून, वाऱ्यातून किंवा मनातून सरकत जाते ती लहर. सापाचे विष चढू लागले की अंगातून 'लहर' जाते. तिला लाट म्हणत नाहीत. इंग्रजीने हे तिन्ही एका शब्दात ठेवले. उलट इंग्रजीने त्याच शब्दात हाताची खूण आणि केसांचा आकारही सामावून घेतला. मराठीने ते बाहेर ठेवले. निरोप देताना आपण हात हलवतो, ध्वज फडकतो, जोंधळ्याचे उभे पीक वाऱ्यावर डोलते. दोन्ही भाषा एकच जग पाहतात, मात्र त्याची वाटणी निरनिराळी करतात. म्हणून 'वेव्ह' म्हणजे लाट हे समीकरण जितके बरोबर आहे तितकेच ते अपुरे आहे.

एक रूप, अनेक शब्द

आता 'लाट' या रूपाकडेच पाहा. उसाच्या चरकात ज्या दंडगोलांमधून कांडे पिळून निघते त्यांनाही लाटा म्हणतात. पोळी लाटली जाते ती लाटण्याने. आणि कोणी सरकारी अनुदान किंवा भावाच्या वाट्याची जमीन 'लाटतो', तेव्हा त्यात ना पाणी असते ना कणीक. इंग्रजी अमदानीत 'लॉर्ड' या शब्दाचे लोकांच्या तोंडी 'लाट' झाले आणि लाटसाहेब जन्माला आले. साहेब गेले, तरी ऐट करणाऱ्या माणसाला 'मोठा लाटसाहेब लागून गेलास' असे आपण अजून सुनावतो. याखेरीज 'लाट' हे दक्षिण गुजरातेतील एका प्राचीन प्रदेशाचे नाव आहे.

भाषाविज्ञानात येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एकाच शब्दाचे अर्थ वाढत जाऊन परस्परांशी नाते राखत असतील तर ती अनेकार्थता. मुळात वेगवेगळे असलेले शब्द योगायोगाने सारखे दिसू-ऐकू येऊ लागले असतील तर ती समरूपता. समुद्राची लाट आणि उष्णतेची लाट यांत अनेकार्थता आहे. समुद्राची लाट आणि लाटसाहेब यांत केवळ समरूपता आहे. पोळी लाटणे आणि जमीन लाटणे यांत नाते दिसते : जाड होते ते दाबून, सरकवत, आपल्या बाजूला ओढत सपाट करणे ही कल्पना दोहोंत आहे. परंतु समुद्राची लाट आणि चरकाची लाट यांचे काय? दोन्ही गोलाकार फिरत पुढे येतात, दोन्हींच्या खाली सापडलेले चिरडते. भाषकाला आज त्यांत नाते जाणवते की नाही, हा एक प्रश्न. व्युत्पत्तीने ते सिद्ध होते की नाही, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमी सारखी येत नाहीत, आणि कोशकाराला एक नोंद करावी की दोन, हा निर्णय दरवेळी घ्यावा लागतो. कोश हा आकाशातून पडलेला ग्रंथ नसून अशा हजारो निर्णयांचा संग्रह आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

लाट देशाचा उल्लेख आला तेव्हा अलंकारशास्त्रातील 'लाटानुप्रास' तुम्हांला आठवला असेल. त्या देशातील लोकांना प्रिय म्हणून त्याचे हे नाव, असे शास्त्रकार सांगतात. 'आई ती आईच' या साध्या वाक्यात शब्द तोच, कोशातला अर्थही तोच; पण दुसऱ्या वेळी तात्पर्य बदलते. पहिली आई म्हणजे जन्मदात्री, दुसरी म्हणजे तिच्या ठायी असलेली सारी माया. अर्थ न बदलता आशय बदलतो, हे आपल्या शास्त्राने फार पूर्वी टिपून ठेवले आहे. एका शब्दातून दोन अर्थ काढणारा श्लेष, आणि सारखीच अक्षरे पुन्हा येऊन निराळा अर्थ देणारे यमक, हेही त्याच अभ्यासाचे भाग आहेत.

श्लेषाचा आणि शाब्दिक कोटीचा मराठीतील सर्वांत मोठा कारागीर म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते राम गणेश गडकरी २६ मे १८८५ रोजी नवसारीला जन्मले. नवसारीचा परिसर हा प्राचीन लाट देशातलाच. त्यांनी देह ठेवला तो मात्र आपल्या सावनेरात, २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. गोविंदाग्रज या नावाने कविता आणि बाळकराम या नावाने विनोदी लेखन करणाऱ्या या लेखकाचे विनोदी पात्र जेव्हा शब्दाचा भलताच अर्थ पकडते, तेव्हा आपण हसतो. हसू येते याचे कारण असे की, प्रसंगाला कोणता अर्थ लागू आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि पात्राला ते ठाऊक नसते. म्हणजे विनोदाचा आनंद घ्यायलाही अर्थाची निवड आधी करता यावी लागते. हसणाऱ्या प्रेक्षकाने ती निवड नकळत केलेली असते.

पाण्याकडून मनाकडे

अर्थ पुढे कसा सरकतो याची एक पक्की वाट या शब्दांत दिसते. 'लहर' पाण्यातून निघाली आणि मनात शिरली. 'लहर आली म्हणून गावाला गेलो', 'तो माणूस लहरी आहे' या वाक्यांत पाणी कुठेच उरलेले नाही. 'तरंग'ही मनात उठतात, आणि 'तरंगी' माणूस म्हणजे छांदिष्ट माणूस. 'ऊर्मी' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ लाट. आजच्या मराठीत मात्र ऊर्मी म्हणजे आतून येणारी तीव्र प्रेरणा. तत्त्वज्ञानाच्या परंपरेत भूक, तहान, शोक, मोह, जरा आणि मृत्यू या सहांना 'षडूर्मी' म्हटले आहे. जीव ज्यांच्यावर हेलकावतो त्या सहा लाटा. 'कल्लोळ' हाही पाण्याचाच शब्द. आज तो भावनांचा किंवा आरडाओरडीचा झाला. एक शब्द या वाटेने गेला असता तर तो अपघात मानता आला असता. चार-पाच शब्द गेले, म्हणजे ती भाषकांच्या मनाची रीत आहे. मन हे जलाशयासारखे आहे, हे रूपक आपण स्वतंत्रपणे शिकत नाही. शब्दांबरोबर ते आपल्यात येते.

आपल्या अभ्यासक्रमातील 'लक्षणा' ती हीच. तिच्या तीन अटी तुम्हांला ठाऊक आहेत : मूळ अर्थ लागू पडत नाही, मूळ अर्थाशी नव्या अर्थाचा काही संबंध असतो, आणि रूढी किंवा काही प्रयोजन त्यामागे असते. परीक्षेत या अटी लिहून गुण मिळतात. मला त्यांचा उपयोग त्यापलीकडे नेऊन दाखवायचा आहे. तो मी थोड्या वेळाने दाखवतो.

शेजारभाषेचे तरंग

सावनेर ही मराठी भाषेची उत्तरेकडची वेस आहे. येथून सौंसर-पांढुर्ण्याकडे निघालात की राज्य बदलते, पाट्यांची भाषा बदलते. बाजारातले मराठी बोलणे मात्र लगेच थांबत नाही. १९५६पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि तेथे हिंदी-मराठी या दोन्ही भाषांत राज्यकारभार चालत असे. त्यामुळे आपल्या कानांवर दोन भाषांतील एकसारखे शब्द रोज पडतात. हिंदीत 'लाट' म्हणजे स्तंभ. अशोकाच्या स्तंभालाही तेथे लाट म्हणतात. पाण्याची लाट म्हणजे तेथे 'लहर', थंडीची लाट ही 'शीतलहर' आणि निवडणुकीतली लाटही 'लहर'च. एखाद्या हिंदी बातमीचे भाषांतर करताना अमुक नेत्याची 'लहर' आहे असे तुम्ही मराठीत लिहिलेत, तर मराठी वाचक समजेल की तो नेता मनाला येईल तसा वागतो. शब्द तोच, लिपी तीच, आणि अर्थ उलटा. ध्वजाच्या बाबतीतही 'लहराना' ऐकून ऐकून आपण 'झेंडा लहरला' असे लिहू लागलो आहोत. हा प्रयोग अशुद्ध ठरवून हाकलून द्यावा असे मी म्हणणार नाही, कारण भाषा शेजाऱ्यांकडून उसने घेतच वाढतात. पण 'फडकणे' या आपल्या क्रियापदात वाऱ्याचा जो आवाज आहे तो 'लहरण्या'त नाही, एवढे जाणून ही उसनवारी करावी.

एका भाषेतील बदल शेजारच्या भाषेत कसे पसरतात याचे स्पष्टीकरण जर्मन भाषाभ्यासक योहानेस श्मिट यांनी १८७२मध्ये मांडले. ऑगस्ट श्लायखर यांनी भाषांचा वंशवृक्ष काढला होता. एका खोडाला फांद्या फुटाव्यात तशा भाषा वेगळ्या होत जातात, असे ते चित्र. श्मिट यांचे म्हणणे असे की, भाषिक बदल एखाद्या केंद्रापासून वर्तुळाकार पसरतो आणि दूर जाता जाता क्षीण होतो. या मताला इंग्रजीत 'वेव्ह थिअरी' म्हणतात. तळ्यात खडा टाकला की जे घडते तेच येथे अभिप्रेत असल्याने मराठीत ते 'तरंग सिद्धांत' झाले पाहिजे. 'लाट सिद्धांत' म्हटले तर एक भाषा दुसरीवर चालून गेली असे चित्र उभे राहील. 'मला' म्हणणाऱ्यांचा प्रदेश कुठे संपतो आणि 'मले' म्हणणाऱ्यांचा कुठे सुरू होतो, अशी एक रेघ पुण्याहून सावनेरपर्यंत येताना कुठेच सापडत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने, १९०५मध्ये, नागपुरी बोलीची नोंद घेतली. पण नकाशावर रेघ काढावी लागते म्हणून ती काढली जाते, बोलणाऱ्याच्या जिभेवर ती नसते.

शास्त्राची भाषा

येथवर मी अनेकार्थतेची बाजू मांडली. आता तिच्या विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकू. शास्त्राला असे सैल शब्द चालत नाहीत. तेथे एका संकल्पनेला एकच शब्द हवा. हे म्हणणे योग्य आहे. नागपुरातच वास्तव्य करून डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या आधारे हजारो पारिभाषिक शब्द घडवले, ते याच ध्येयाने. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६०मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले आणि विषयवार परिभाषा कोश निघू लागले, त्यामागेही हेच ध्येय होते.

तरीही आजची स्थिती पाहा. शाळेच्या पुस्तकात 'तरंगलांबी' हा शब्द येतो. त्याच विषयात 'विद्युतचुंबकीय लहरी'ही येतात. ध्वनीचे तरंग असतात आणि भूकंपाच्या लहरी. आकाशवाणीने 'मध्यम लहरी' आणि 'लघुलहरी' घराघरांत पोहोचवल्या. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी ज्यांची प्रथम प्रत्यक्ष नोंद केली आणि ज्यांच्या अभ्यासासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायची आहे, त्यांना कोणी गुरुत्वीय लहरी म्हणतो, कोणी गुरुत्वीय तरंग. मात्र कोणीही त्यांना 'गुरुत्वीय लाटा' म्हणत नाही. येथे मराठी भाषकाची जाण पुन्हा दिसते : आघात करणारे पाणी नाही, म्हणून लाट नाही.

माझ्या मते शास्त्रात 'तरंग' हा शब्द अधिक योग्य आहे, आणि त्याला आधारही आहे. ध्वनी कानापर्यंत कसा पोहोचतो याचे उत्तर देताना न्यायदर्शनाच्या परंपरेत 'वीचितरंगन्याय' सांगितला जातो. पाण्यात एका तरंगातून दुसरा तरंग निर्माण होत जावा, तसा एका शब्दातून दुसरा शब्द उत्पन्न होत कानाशी येतो, असा त्याचा आशय. हे आधुनिक भौतिकशास्त्र आहे असा दावा मी करत नाही. तसा दावा करणे दोन्हींवर अन्यायाचे ठरेल. पण अदृश्य प्रसरणासाठी 'तरंग' वापरण्याची सवय आपल्याला जुनी आहे, हे यातून दिसते. शिवाय 'लहरी'चा एक मोठा हिस्सा मनाने व्यापला आहे. मात्र मी माझा आग्रह रूढ शब्दांवर लादणार नाही. 'भूकंपलहरी' हा शब्द ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांपर्यंत पोहोचला, रुळला. तो तसाच राहू द्यावा. तुम्ही एवढेच करा : एका उत्तरात, एका लेखात एकाच संकल्पनेसाठी एकच शब्द वापरा. पारिभाषिक शिस्त म्हणतात ती हीच.

समुद्र न पाहिलेली लाट

सावनेरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिलेला नसेल. तरीही 'लाट' हा शब्द तुम्ही रोज वापरता, आणि तो पाण्यासाठी नव्हे. आपल्याकडे लाट म्हणजे उष्णतेची, थंडीची, साथीची किंवा निवडणुकीची. कोशात पहिला छापलेला अर्थ आपण पुस्तकातून शिकतो आणि लक्षणेने आलेला अर्थ आपण अंगावर सोसतो. कोकणातल्या विद्यार्थ्याची स्थिती याच्या उलट असते. म्हणूनच आपण येथे अधिक सावध असले पाहिजे, असे मला वाटते. ज्याने लाट पाहिली आहे त्याला रूपक कुठे लागू पडते आणि कुठे नाही हे डोळ्यांनी पडताळता येते. आपल्यापाशी फक्त शब्द असतो.

उष्णतेची लाट घ्या. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असले, तर ती उष्णतेची लाट. त्याहूनही अधिक फरक असला तर तीव्र लाट. किंवा प्रत्यक्ष तापमानच ४५ अंशांवर गेले तर लाट आणि ४७ अंशांवर गेले तर तीव्र लाट. आता नागपूर परिसरात मे महिन्याची नेहमीची कमाल सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या घरात असते. म्हणजे पारा ४४ अंशांवर असलेल्या दिवशी या व्याख्येने लाट नसूही शकते. पण जिनिंगच्या आवारात सरकी भरणाऱ्या, कोळशाच्या ढिगाऱ्यावर काम करणाऱ्या किंवा संत्र्याच्या बागेला पाणी देणाऱ्या माणसाच्या शरीराला सरासरीचा हिशेब कळत नाही. 'आज लाटेचा इशारा नाही' हे वाक्य त्याने 'आज धोका नाही' असे ऐकले, तर चूक त्याची नाही. शब्दाचा पारिभाषिक अर्थ आणि लोकांचा अर्थ यांच्यामधली दरी कोणी बुजवली नाही, ही ती चूक आहे. नवतपा, झळा, ऊन लागणे असे आपले शब्द शरीराच्या बाजूने बोलतात. 'लाट' हा शब्द आकडेवारीच्या बाजूने बोलतो. इशारा देणाऱ्याला दोन्ही आले पाहिजेत. तुमच्यापैकी कोणी अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत किंवा वार्ताहर म्हणून काम करत असाल, तर हे काम तुमच्याकडे येणार आहे.

साथीचे उदाहरण याहून ताजे आणि वेदनादायक आहे. रुग्णसंख्येचा आलेख चढून उतरला, त्याचा आकार लाटेसारखा दिसला, म्हणून 'लाट' हा शब्द आला. आलेखासाठी तो योग्यच होता. पण शब्दासोबत त्याची क्रियापदेही येतात. लाट 'ओसरते', आणि ओसरली की किनाऱ्यावरच्या माणसाने काही करायचे उरत नाही. २०२१च्या आरंभी पहिली लाट ओसरल्याचे सगळीकडे म्हटले जात होते. त्याच फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि एप्रिलमध्ये नागपूरने काय पाहिले, ते तुम्हांला मी सांगायला नको. त्या अनर्थाला एक शब्द कारणीभूत झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु संसर्ग माणसांच्या भेटीगाठींतून, बंदिस्त जागांतून, अपुऱ्या तयारीतून वाढतो. समुद्राची लाट कोणाच्या निर्णयाने येत नाही. 'लाट आली' म्हटले की कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. कोणी काय करायला हवे होते, हा प्रश्न त्या वाक्यात विचारताच येत नाही.

राजकारणातही तेच. १९७१ची इंदिरा लाट, १९७७ची जनता लाट, १९८४ची सहानुभूतीची लाट, २०१४ची मोदी लाट असे आपण सहज म्हणतो. १९७७मध्ये उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली असे वर्णन केले जाते. त्याच निवडणुकीत विदर्भाने बहुतांशी काँग्रेसलाच कौल दिला आणि नागपूरची जागाही तिच्याकडेच राहिली. येथले मतदार लाटेबाहेर कसे राहिले? उत्तर सोपे आहे : मतदार हा लाटेत वाहणारा ओंडका नसतो. प्रत्येकाने आपले मत विचार करून, हितसंबंध पाहून किंवा नाते जपून दिलेले असते. 'लाट' हा शब्द लाखो निर्णयांना एका नैसर्गिक घटनेत बदलतो. विजेत्याला तो सोयीचा, कारण त्याचा विजय अटळ वाटतो. पराभूतालाही सोयीचा, कारण त्याला आपल्या चुका मोजाव्या लागत नाहीत.

साहित्याच्या अभ्यासातही हा शब्द तुम्हांला भेटेल. स्त्रीवादाची पहिली लाट, दुसरी लाट अशी मांडणी पाश्चात्त्य इतिहासाला धरून झाली. पहिली मुख्यतः मताधिकाराभोवतीची. पुण्यात १८४८ साली सुरू झालेली मुलींची शाळा, किंवा १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी प्रसिद्ध केलेले 'स्त्रीपुरुषतुलना', यांना त्या क्रमांकांत बसवताना ओढाताण होते. याउलट दलित साहित्याला आपण 'लाट' म्हणत नाही, 'प्रवाह' म्हणतो. ही निवड अतिशय अर्थपूर्ण आहे. लाट येऊन जाते. प्रवाहाला उगम असतो, दिशा असते आणि तो पुढच्या भूमीला भिजवतो. दलित साहित्याला लाट म्हटले असते, तर ते ओसरण्याची वाट पाहणारे पुष्कळ जण निघाले असते.

चौथा प्रश्न

यावर आक्षेप घेतला जाईल की, भाषा रूपकांशिवाय चालत नाही. प्रत्येक शब्दाची अशी झडती घेतली तर बोलणेच खुंटेल. आक्षेपात तथ्य आहे. 'लाट' हा शब्द टाळावा असे मी सुचवत नाही. उष्णतेची लाट हा आता रूढ आणि उपयुक्त शब्द आहे. शेतकरी पावसाला 'लहरी' म्हणतो, त्या एका विशेषणात त्याचा सारा अनुभव सामावतो. तो शब्द त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तोच शब्द एखाद्या अहवालात येऊन पीकबुडीचे सगळे उत्तर 'लहरी पाऊस' एवढ्यावर थांबत असेल, तर कालवा का पोहोचला नाही आणि विम्याची रक्कम का अडली, हे विचारले पाहिजे. शेतकऱ्याच्या तोंडी तो अनुभव आहे. अहवालात ती पळवाट ठरू शकते. शब्द एकच, तात्पर्य निराळे. लाटानुप्रासाचा धडा येथे पुन्हा कामाला येतो.

लक्षणेच्या तीन अटींचा परीक्षेपलीकडचा उपयोग मी मघाशी म्हटले तो हा. वर्तमानपत्रात, सभेत किंवा मोबाइलवरच्या संदेशात असा शब्द आला की त्या अटींचे तीन प्रश्न करा : मूळ अर्थ येथे का लागू पडत नाही? संबंध नेमक्या कोणत्या गुणाचा आहे, उंचीचा, पसरण्याचा की ओसरण्याचा? हे रूपक वापरण्याचे प्रयोजन काय? आणि त्यांना एक चौथा प्रश्न जोडा, जो मम्मटाच्या यादीत नाही, पण आपल्या काळाला आवश्यक आहे : या शब्दामुळे कोणाचे कर्तेपण झाकले गेले?

नोकरी, शेती, घर सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्याला भाषाविज्ञानाचा उपयोग काय, असे अनेकदा विचारले जाते. त्याचे माझे उत्तर असे आहे की, तुम्ही जगाचा जो अनुभव घेऊन अभ्यासाला बसता तो नियमित वर्गात येणाऱ्या कोवळ्या विद्यार्थ्यापाशी नसतो. शब्दाचा अर्थ पडताळायला लागणारी सामग्री तुमच्याकडे आधीच आहे. हवी आहे ती फक्त पद्धत. तेव्हा पुढील आठवड्यात एक काम करा. कोणतेही एक मराठी वर्तमानपत्र सात दिवस वाचा आणि 'लाट', 'लहर', 'तरंग', 'प्रवाह', 'उधाण' हे शब्द जेथे येतील ती वाक्ये वहीत उतरवा. प्रत्येकापुढे त्याचे क्रियापद लिहा, आणि मग तेच वाक्य कर्त्यासह पुन्हा लिहून पाहा. काही वाक्ये सहज लिहिता येतील. काहींचा कर्ता मात्र शोधूनही सापडणार नाही. अभ्यासकेंद्रावरच्या पुढच्या संपर्क-सत्रात आपण त्याच वाक्यांपासून सुरुवात करू.